नोंदवणाऱ्याकडून काय राहिले?

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात वाहतुकीचे सगळे नियम पाळणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका आमच्या घरात निघावा हे आमचं भाग्य की भोग, यावर नातेवाइकांत अजून एकमत झालेलं नाही. हा माणूस म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, माझे आतोबा. नौपाड्यातल्या एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर ते राहतात आणि खाली त्यांची चौदा वर्षांची राखाडी गाडी राहते. सगळे नियम पाळत असल्यामुळे या पट्ट्यात सर्वांत जास्त शिव्या खाणारे गृहस्थही तेच. रिक्षावाल्यांनी त्यांना शिव्या दिल्या आहेत, टेम्पोवाल्यांनी दिल्या आहेत, शाळेच्या बसवाल्याने मुलांदेखत दिल्या आहेत. एकदा रुग्णवाहिकेला वाट देऊन ते लगेच आपल्या लेनमध्ये परत आले, तर त्या रुग्णवाहिकेची शेपूट धरून सुसाट निघालेल्या एका पांढऱ्या मोटारीचा बेत फसला. त्या मोटारवाल्याने काच खाली करून जे काही ऐकवलं, त्यातलं अर्धं मला तोवर माहीतही नव्हतं. आतोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आत पेशंट तुमचा आहे का?"

या शांतपणाचं मूळ कोलशेतला आहे. तिथे एक रंगाचा कारखाना होता. आता त्या जागी टॉवर आहेत आणि त्यांच्या गच्चीवर पोहण्याचे तलाव आहेत, पण आतोबा तिथे एकतीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होते. कारखान्यात अपघात झाला की सगळे धावतात, चौकशी बसते, साहेब येतात. पण शिडी घसरली आणि वरचा माणूस वाचला, तर लोक हसतात आणि चहाला जातात. आतोबांचं म्हणणं असं, की त्या चहाच्या वेळीच फॉर्म भरायचा असतो. होता होता राहिलेल्या अपघाताला ते लोक 'निअर मिस' म्हणत आणि त्याचा एक छापील पिवळा फॉर्म असे. काय घडले, काय घडू शकले असते, कारण, उपाय, नोंदवणाऱ्याची सही, साक्षीदाराची सही. या सगळ्यात एक रकाना आतोबांनी वरच्या लोकांशी भांडून घालून घेतलेला: 'नोंदवणाऱ्याकडून काय राहिले?' दुसऱ्याची चूक लिहून देणाऱ्या माणसाला, बाबा रे, तेव्हा तू काय करत होतास, हे विचारलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. पुढे कारखान्यात सगळं संगणकावर गेलं आणि फॉर्मचे गठ्ठे भंगारात निघाले. आतोबांनी ते रिक्षात घालून घरी आणले. आत्याने लोणच्याच्या बरण्यांसाठी राखून ठेवलेल्या माळ्यावर ते चढले, आणि निवृत्तीनंतर आतोबांनी कारखान्याऐवजी रस्ता चालवायला घेतला.

गाडी बाहेर काढायची म्हणजे आमच्याकडे एक विधी असतो. आधी आतोबा गाडीभोवती फिरतात, चारही चाकं दाबून बघतात, गुडघ्यावर बसून खाली मांजर आहे का पाहतात, मग बॉनेटवर तीन थापा मारतात, म्हणजे आत झोपलेलं मांजर असलं तर त्यालाही निरोप पोचावा. तळमजल्यावर नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी हे चार-पाच वेळा बघितलं आणि आत्याला हळूच विचारलं, की हे कोणतं व्रत, आणि उद्यापन कधी. आत बसल्यावर प्रश्नोत्तरं. "पट्टा?" "लावलाय." "दार?" "लागलंय." "आरसा?" "तुमचा तुम्ही बघा." लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर कुठलीही बायको कंटाळेल. एकदा आत्याने पहिल्याच प्रश्नाला "आहे, आहे, लागलंय, आहे, चला" असं एका दमात सांगून टाकलं. आतोबांनी किल्ली काढली, खाली उतरले आणि पुन्हा मांजरापासून सुरुवात केली.

हॉर्न ते वाजवत नाहीत. वर्षातून एकदा दसऱ्याला पूजा झाल्यावर तो चालतो की नाही एवढं बघतात. दसऱ्याला सोसायटीतले सगळे गाड्यांना झेंडूचे हार घालतात, आणि हार घालून झाले की आतोबा प्रत्येक गाडीपाशी जाऊन नंबर प्लेटवर आलेला हार वर सरकवतात, दिव्यावर आलेला बाजूला करतात, चाकाखालचं लिंबू उचलतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय श्रद्धाळू माणूस आहे, परक्यांच्या गाड्यांनाही हात लावून नमस्कार करतोय. त्यांच्या स्वतःच्या गाडीच्या मागच्या काचेवर कोपऱ्यात, दिसण्यात अडथळा येणार नाही एवढ्याच आकाराचा, सुवाच्य अक्षरातला एक कागद आहे: 'मागून हॉर्न वाजवल्याने सिग्नल हिरवा होत नाही. मी स्वतः करून पाहिले आहे.' यातलं दुसरं वाक्य खोटं आहे असा मला दाट संशय होता. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "खोटं कसं असेल? एकोणीसशे ब्याऐंशी सालच्या स्कूटरवर करून बघितलंय. मी काय जन्मतः असा होतो?"

शीळफाट्याची गोष्ट आत्याने अजून माफ केलेली नाही. कल्याणला चुलत दिराच्या मुलीचं लग्न होतं आणि आतोबांना वाटेत नवी मुंबईला एका आजारी मित्राला भेटायचं होतं, म्हणून शीळफाट्यावरून जायचं ठरलं. ज्याचा हक्क त्याला आधी जाऊ द्यायचं, हा आतोबांचा नियम. शीळफाट्यावर हक्क कुणाचाच नसतो, सगळे तो घेतात. त्यामुळे आतोबा 'आधी तुम्ही' असा हात करून उभे राहिले ते उभेच राहिले. डावीकडून ट्रक गेले, उजवीकडून टँकर गेले, मधून एक घोडा गेला, तोही बहुधा लग्नालाच. मागे बसलेल्या आत्याच्या मोगऱ्याच्या गजऱ्याने मान टाकली. शेवटी एका ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला, दोन्ही हात पसरून त्याने चारी बाजूंची वाहतूक थांबवली आणि आतोबांच्या खिडकीशी येऊन प्रेमाने म्हणाला, "शिकताय का बाबा? निघा आता, मी थांबवलंय." ते पोचले तेव्हा पहिली पंगत उठत होती. आतोबांनी वधूपित्याचा हात हातात घेतला आणि उशिराबद्दल दिलगिरी म्हणून नवरा-नवरीला आहेरासोबत दोन हेल्मेटं दिली. ती त्यांनी आधीच आणलेली होती, पण आत्या म्हणते, वेळ बरोबर साधली.

आणि फॉर्म. गोखले रोडवर उलट्या दिशेने येणारा मोटारसायकलवाला दिसला की शहाणा माणूस गाडी बाजूला घेतो. आतोबा थांबतात, काच खाली करतात आणि म्हणतात, नमस्कार. एकदा मी सोबत असताना असाच एक पोरगेलासा माणूस समोर आला. हेल्मेट होतं, पण कोपरात अडकवलेलं.

"काय काका, सरकवा ना साइडला."

"सरकवतो. तुमचं नाव सांगता का? फॉर्म भरायचाय."

"पोलीस आहात का?"

"नाही. निवृत्त आहे."

"मग कशाला लोड घेताय? यू-टर्न लय लांब आहे यार, दोन मिनिटांचं काम आहे माझं."

"दोन मिनिटं मीही घेतो फक्त. हेल्मेट कोपराला आहे तुमच्या. कोपर वाचेल, त्याची काळजी नाही. बाकीच्याचं काय लिहू?"

तो हसला. मग फॉर्म बघायला वाकला. मग, मी शपथेवर सांगते, गाडी स्टँडला लावून त्याने 'काय घडू शकले असते' हा रकाना स्वतः भरला, आणि भरता भरता त्याचा चेहरा जरा उतरला. सही करून तो मोटारसायकल ढकलत यू-टर्नपर्यंत चालत गेला. आतोबांनी मात्र शेवटच्या रकान्यात, 'नोंदवणाऱ्याकडून काय राहिले?' याच्यासमोर, आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: काही नाही. माळ्यावरच्या शेकडो फॉर्मांवर त्या रकान्यात हेच दोन शब्द आहेत. हे दोन शब्द लिहिताना त्यांचा चेहरा सुवासिनीचा कुंकू लावताना असतो तसा तृप्त असायचा.

आमचं भांडण होतं ते इथेच. मी ज्या घरात वाढले तिथे भिंतीवर कॅलेंडर नसलं तरी चालायचं, पण टेबलावर पत्रकांचा गठ्ठा हवा. बाबा कामगारांची पत्रकं लिहायचे आणि मी शाळेतून आले की त्यांच्या घड्या घालायचे. 'बंधू-भगिनींनो' हा शब्द मी 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचायला शिकले. त्यामुळे रस्त्यावर माणूस मेला की मी आधी रस्त्याला विचारते, तुला कुणी बनवलं, तुझं कंत्राट कुणाकडे होतं, तुझ्यावरचा दिवा सहा महिने बंद का आहे. डोंबिवलीत आमच्या भागातल्या खोदकामावर मी एक पत्रक लिहिलं होतं. त्याची पहिली ओळ 'खड्डा हा अपघात नसतो, तो कुणाचा तरी निर्णय असतो' अशी होती आणि तिचा मला बराच अभिमान होता. आतोबांनी चष्मा लावून ते वाचलं, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि तळाशी लाल पेनने एक ओळ वाढवली: 'आणि आपण हळू चालवा.' मी भडकले. ही ओळ म्हणजे ठेकेदाराला सुटायला मागचं दार आहे, सगळं खापर शेवटी सामान्य माणसाच्या डोक्यावर फोडण्याची ही नेहमीची युक्ती आहे, असं मी पंधरा मिनिटं बोलले. ते म्हणाले, "पुढारी, तू माणसाला कधी काही विचारतच नाहीस." ते मला पुढारी म्हणतात. मी म्हटलं, "आणि तुम्ही स्वतःला कधी विचारता? एक फॉर्म दाखवा ज्यात तुमच्याकडून काही राहिलंय." ते म्हणाले, "राहिलं असेल तर लिहीन ना." आत्याने आत जाऊन कुकर लावला.

पत्रक वाटायला मात्र ते हौसेने आले. अट एकच, त्यांचा गठ्ठा ते त्यांच्या पद्धतीने वाटणार. नाक्यावरच्या सिग्नलला, लाल दिवा असताना, फक्त थांबण्याच्या रेषेच्या अलीकडे उभ्या असलेल्या वाहनचालकांना. एका तासात त्यांची तीन पत्रकं गेली. त्यातलं एक ज्याला मिळालं त्याची स्कूटर तिथे बंद पडली होती.

गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं. पहिला महिना इंजिन सुरूच केलं नाही. सोसायटीच्या आवारात उभ्या गाडीत बसून मी आरसे बघायचे, गिअर बदलायचे आणि मानसिक वळणं घ्यायचे. वॉचमन रोज विचारायचा, पोचलात का ताई? मग दोन महिने भल्या पहाटे कोलशेतच्या रिकाम्या रस्त्यावर. लायसन्स मिळालं, आणि मी ते पाकिटात घालून बसने फिरू लागले, कारण खासगी मोटार हा प्रश्नाचा भाग आहे असं माझं मत होतं आणि आहे. आतोबांना त्याचं वाईट वाटलं असावं.

आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात, ज्यांना आम्ही सगळे हसायचो. एक, गेल्या दोन-तीन वर्षांत आतोबा प्रत्येक चौकात मान इतकी वळवून बघायचे की घुबडानेही दोन टिप्स घ्याव्यात. काळजी वाढली म्हातारपणी, आम्ही म्हणायचो. दुसरी गोष्ट आत्याची. शीळफाट्यानंतर कधीतरी तिने मागची सीट सोडली आणि ती पुढे बसू लागली, आणि पुढे बसली की तिचं तोंड सुरू. "डावीकडे रिक्षा. डावीकडे कुत्रं बसलंय. डावीकडून मुलगी येतेय, दप्तरवाली." सतत, न थकता, क्रिकेटच्या समालोचनासारखं. माझे चुलतभाऊ तिची नक्कल करायचे. मीही केली आहे. जिचा नवरा ताशी तीस किलोमीटरच्या पुढे जात नाही, त्या बाईला एवढी काय धास्ती, असं आम्हाला वाटायचं.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला ते दोघं डोंबिवलीला आमच्याकडे आले. बाबांना ओवाळून झालं, जेवणं झाली. मला दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या छापखान्यात काम होतं, म्हणून मी त्यांच्यासोबत नौपाड्याला मुक्कामाला निघाले. आदल्याच आठवड्यात आमच्या घराजवळ एका मोटारसायकलवाल्याचा पाय मोडला होता आणि त्यावरून जेवताना सुरू झालेलं आमचं भांडण मिटलं नव्हतं. मी गाडीशी आल्यावर म्हटलं, "आत्या, आज मी पुढे बसते."

आत्याचा हात पुढच्या दारावरच होता. "पुढे बसलं की बोलावं लागतं गं."

"बोलायलाच बसतेय."

तिने आतोबांकडे बघितलं. ते चाकं तपासत होते. मग ती चकल्यांचा डबा मांडीवर घेऊन मागे बसली.

दिवेलागणीची वेळ होती, डोंबिवली अजून सुटली नव्हती. गाडी नेहमीप्रमाणे सरळ, सावकाश चालली होती आणि मी बोलत होते. मी त्यांच्याकडे तोंड करून बोलत होते, कारण समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायची मला लहानपणापासून शिकवण आहे. ठेकेदार, निविदा, फुटपाथ, सगळं एका ओळीत येत होतं. मध्येच मी श्वास घ्यायला समोर बघितलं, आणि डावीकडून रस्त्यावर उतरलेली एक बाई गाडीच्या इतकी जवळ होती की तिच्या नाकातली नथ मला दिसली. मी फक्त "आतोबा" एवढंच ओरडले. त्यांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली. बाई आणि बॉनेट यांच्यात हातभर अंतर राहिलं. तिच्या हातातली पिशवी पडली आणि वांगी रस्ताभर झाली.

ती पन्नाशीची, धिप्पाड, जवळच्याच गावातली असावी. कमरेवर हात ठेवून तिने आतोबांना विचारलं, "डोले हायत ना रं तुला? मी काय मुंगी हाय, दिसली नाय?"

अशा वेळी रस्त्यावरचा कुठलाही माणूस काय म्हणतो ते आपल्याला माहीत आहे. बघून चालता येत नाही का, इथून म्हणतो ते माझा मामा कोण आहे माहितीये का, इथपर्यंत. आतोबा खाली उतरले आणि म्हणाले, "नाही दिसलात तुम्ही."

बाईचे हात कमरेवरून खाली आले. एवढं सरळ उत्तर तिला कुणी दिलं नसावं. आतोबा वाकून वांगी गोळा करायला लागले. मीही उतरले. सगळी सापडली, पण पिशवीत एक नारळ होता तो सापडेना. आतोबा शोधत राहिले, पुढे, उजवीकडे, गाडीखाली. बाई त्यांच्याकडे बघत होती. मग तिने हळूच म्हटलं, "त्यो बग. तुज्या डाव्या पायाशी."

नारळ त्यांच्या चपलेला लागून होता.

"मना काय लागलं नाय," ती म्हणाली. आता तिचा आवाज वेगळा होता. "तू बस जरा. पानी पी."

ती गेल्यावर आतोबांनी दिवा दाखवून गाडी नीट कडेला घेतली, कप्प्यातून पिवळा फॉर्म काढला आणि बॉनेटवर ठेवून भरायला घेतला. काय घडले. काय घडू शकले असते. हा दुसरा रकाना त्यांनी सविस्तर भरला. मग फॉर्म माझ्याकडे सरकवला. साक्षीदार म्हणून सही कर, म्हणाले.

मी नाही म्हटलं. मला कळत होतं की ही सही नुसती सही नाही. या माणसाची गाडी गेली तर त्याच्याकडे काय उरेल, याचा हिशेब मला लागत नव्हता. मग मी तेच केलं जे मला येतं. मी म्हटलं, आधी कारण नीट लिहा. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे पुसले गेलेत, इथे ते होते हे आपल्याला माहीत आहे म्हणून दिसतात. फुटपाथवर बांधकामाची खडी पडली आहे, बाईला रस्त्यावर उतरण्यावाचून इलाज नव्हता. खांबावरचा दिवा बंद आहे. तुमची काय चूक? माझं पत्रकच होतं ते, फक्त पहिल्यांदा मी ते गयावया करून वाचत होते.

"सावकाश सांग," ते म्हणाले आणि एकेक गोष्ट लिहू लागले. खडी किती दिवसांपासून आहे तेही विचारलं. सगळं लिहून झाल्यावर मान हलवली. "हे सगळं खरं आहे. आजवर मी कारणात रस्ता कधी लिहिला नाही, ते चुकलंच माझं."

"मग झालं तर."

"झालं नाही. एक रकाना आहे अजून."

त्या रकान्यात 'काही नाही' हे दोन शब्द यावेत म्हणून त्या क्षणी मी काय दिलं नसतं. पेन थोडा वेळ कागदावर टेकून राहिलं. मग त्यांनी लिहिलं: डावीकडून आलेली बाई दिसली नाही. मान वळवूनही दिसली नाही. हे तिसऱ्यांदा.

"तिसऱ्यांदा?" मी म्हटलं.

"दोन फॉर्म भरले नाहीत मी," ते म्हणाले. चोरी कबूल करावी तसे.

मागचं दार उघडून आत्या केव्हा बाहेर आली होती ते आम्हाला कळलं नव्हतं. चकल्यांचा डबा तिच्या हातातच होता. "तीन नाही, पुष्कळ वेळा," ती म्हणाली. "बाकीच्या वेळी मी आधी बोलले म्हणून तुम्हाला कळलं नाही."

डावीकडे रिक्षा. डावीकडे कुत्रं. डावीकडून मुलगी येतेय, दप्तरवाली. दोन वर्षं ही बाई त्यांचा डावा डोळा होऊन बसली होती, त्यांना न सांगता, आणि आम्ही तिच्या नकला करत होतो.

'उपाय' हा रकाना आतोबांनी सगळ्यांत शेवटी भरला. दोनच शब्द. चालक बदलणे.

मी पेन घेतलं आणि सही केली. साक्षीदारासाठी त्या फॉर्मवर आणखी रकाना नाही, म्हणून समासात लिहिलं: साक्षीदाराकडून काय राहिले — पुढे बसून नुसती बोलत राहिले. आतोबांनी ते वाचलं. फॉर्मची घडी घातली आणि गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. त्या संध्याकाळी डोंबिवलीपासून नौपाड्यापर्यंत मी गाडी चालवली. आत्या पुढे बसली, ते मागे. निघताना मागून आवाज आला, "पट्टा?" मी म्हटलं, लावलाय. "आरसा?" आरशात त्यांचा चेहरा होता. बघितलाय, म्हटलं. ताशी तीसने आम्ही चाललो आणि मागच्या सगळ्यांनी हॉर्न वाजवले. "वाजवू दे," आतोबा म्हणाले. "काचेवर लिहिलंय आपण."

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. तो बाजूची नजर आधी खातो, माणसाला पत्ता लागू देत नाही. राहिलेली नजर रोज थेंब घालून टिकेल, गेलेली येणार नाही. त्यानंतरचा महिनाभर आतोबा रोज सकाळी खाली यायचे, गाडीभोवती फिरायचे, चाकं दाबायचे, खाली मांजर बघायचे, बॉनेटवर तीन थापा मारायचे आणि वर निघून जायचे. हे आत्याने मला फोनवर सांगितलं, आणि पुढे म्हणाली, रविवारी येतेस का?

आता मी दर रविवारी डोंबिवलीहून येते. बसने येते, तत्त्व सोडलेलं नाही. मग आम्ही तिघं गाडी काढतो, कधी येऊरच्या पायथ्यापर्यंत, कधी कोलशेतला खाडीपर्यंत. आत्या पुढे बसते आणि बोलते. डावीकडे रिक्षा, डावीकडे कुत्रं. मला दोन्ही बाजूंचं व्यवस्थित दिसतं, पण मी तिला थांब म्हणत नाही. मागून सूचना येतात, गिअर उशिरा बदललास, पुढारी, त्या आजींना आधी जाऊ दे. भाऊबीजेच्या त्या फॉर्मची एक प्रत आम्ही महापालिकेला केलेल्या अर्जाला जोडून दिली. खांबावरचा दिवा लागला, खडी हलली, पट्टे अजून मारलेले नाहीत. माझ्या पत्रकाची नवी आवृत्ती निघाली, तिच्या तळाशी 'आणि आपण हळू चालवा' ही ओळ आहे. ती ठेवायची हे मी कुणाला न विचारता ठरवलं.

गेल्या महिन्यात पिवळे फॉर्म संपले. पत्रकवाल्यांच्या घरची मी, छापखाना ओळखीचा, तसेच पिवळे शंभर फॉर्म छापून आणले. साक्षीदारासाठी एक रकाना वाढवला. आतोबांनी गठ्ठा हातात घेऊन अंगठ्याने फरफर उलटून पाहिला.

"शंभर म्हणजे शंभर रविवार," ते म्हणाले. "दोन वर्षं धरलीस तू माझी."

"दोनशे आणू?"

"आण," ते म्हणाले. "कागद जरा जाड बघ."

त्या रविवारी खाडीवरून परत आल्यावर त्यांनी मागच्या सीटवर बसूनच नवा फॉर्म भरला. अक्षर आता थोडं उजवीकडे सरकतं, समास सोडून सुरू होतं. मला वाटलं कुणाची तरी तक्रार असेल. येताना एक टेम्पो फार जवळून गेला होता, माझंही एका वळणावर चुकलं होतं. त्यांनी फॉर्म पुढे दिला आणि सही कर म्हणाले. बाकीचे सगळे रकाने कोरे होते. 'काय घडले?' याच्यासमोर मात्र तेच जुने दोन शब्द, टपोऱ्या अक्षरात: काही नाही.

मी सही केली. आत्यानेही केली.